नांगरलेलं

बोगमाळोसमोर दोन मैलांवर
अकरा महिने एक जहाज उभं आहे.
मागच्या अंगाला रंगवलंय त्याच्या बंदराचं नाव : मन्रोव्हिया.
खलाशांपैकी एकानेही मन्रोव्हिया पाहिलेलं नाही.
जहाजानेही नाही.

मालक म्हणजे सायप्रसमधली टपालाची एक पेटी.
विमा लंडनचा, इंजिन कोरियाचं,
पोटात आमच्याच सांग्याची तांबडी माती.
तिचा भाव रोज सकाळी सिंगापुरात ठरतो,
एका सकाळी तो इतका उतरला
की माती तिथे नेण्यापेक्षा
इथे विसरणं स्वस्त पडलं.

आमच्या पेडण्यात नांगर चालतो.
इथे तो धरून ठेवतो.

मी पार्सेकर, बंदरावर इमिग्रेशनला. निवृत्तीला चार महिने.
दर मंगळवारी लाँचने जातो, डोकी मोजतो.
नऊ. तुर्की कप्तान, दोन युक्रेनचे, पाच फिलिपिनो,
आणि स्वयंपाकी कायतान रिबेलो, वेळसांवचा.
वेळसांव म्हणजे ते, तिकडे,
हात लांब केला की बोटाच्या टोकावर येतं
टेकडीवरच्या कपेलासकट.

कायतानच्या आज्याचा जन्म पोर्तुगालच्या वहीत होता.
त्या एका ओळीला धरून हा लिस्बनपर्यंत पोचला,
कागदानेच, पाय इथेच होते,
आणि तांबडा पासपोर्ट मिळवला. निळा परत केला.
अर्ध्या गावाने केलंय, त्यात लाजायचं काय?
स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी मिळायची त्यावर.
मग इंग्लंडने दार लोटून घेतलं.

आता जहाज कोर्टाने बांधलंय, कायतान परदेशी आहे,
उतरायचा पास मी द्यायचा असतो
आणि तो देऊ नये असं वरून लेखी आहे.

"घर दिसता न्हय रे बाब," तो म्हणतो.
"सांजेक आवय खुरसाकडेन वात लायता, ती पसून दिसता."
एवढ्या लांबून वात दिसत नाही.
मी रजिस्टर उघडतो. रकाना चौथा, राष्ट्रीयत्व.

बापूंनी पंचावन्न साली पत्रादेवीवरून
सदऱ्याच्या आत गुंडाळून झेंडा आणला होता.
दंडुका कानावर बसला. त्या कानाने पुढे
त्यांना नुसती गाज ऐकू यायची, भर माजघरात.
म्हातारपणी एकदा धक्क्यावर नेलं त्यांना.
एकेका जहाजाचं निशाण विचारत राहिले.
लायबेरिया. पनामा. मार्शल बेटं. परत पनामा.
"एवढे मोठे देश झाले हे?"
मी हो म्हटलं. समजावत बसलो नाही.

कप्तान विचारतो, तक्रार कुणाकडे करू?
झेंड्याच्या देशाला लिहिलं. उत्तर तिसऱ्याच देशातून आलं,
एका बाईचं, फार नम्र, खाली केस नंबर.
मी दिल्लीला लिहिलं. दिल्लीने कळवलं,
विषय झेंड्याच्या देशाचा आहे.
मला वाईट वाटलं ते दिल्लीचं.
शाळेत असताना पाकिटावर पत्ता लिहिला
की शेवटी 'भारत' लिहायचो
आणि त्याखाली दोन रेघा मारायचो,
इथे संपलं, म्हणून.

गेल्या मंगळवारी पियेदादबाय जेटीवर उभी होती.
पाऱ्याची बरणी, तोंडाला फडकं बांधलेली.
म्हटलं, ही कशात धरू, निर्यातीत?
ती हसली नाही.
मी पिशवीत घातली, रजिस्टरच्या खाली.

कायतानने तिथेच उभ्याने, बोटांनी खाल्लं.
फिलिपिनो पोरांनीही खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढत.
मग बरणी पुसली, माझ्या हातात दिली.
"परत दी हां. आवयक लागता ती."

लाँचवर मांडीत धरून बसलो.
धक्क्यावर उतरताना
तिचा पास कुणी विचारला नाही.